थर्माकोलवरचा पर्यावरण संदेश

५ जूनला, पर्यावरण दिनी, शाळाशाळांत रोपे लावली जातात, फोटो निघतात. सुटीत त्यांना पाणी कोण घालणार, हे मात्र ठरलेले नसते. प्राथमिक शाळा खरोखर पर्यावरणपूरक करायची असेल, तर आधी प्रकल्पांकडे पाहावे. 'झाडे वाचवा' हा तक्ता थर्माकोलवर चमकी लावून आणायला सांगायचा आणि प्रदर्शन संपले की तो कचऱ्यात! थर्माकोल कुजत नाही, हे त्याच वर्गात शिकवलेले असते. (हे तक्ते बहुतेक वेळा पालकच करतात, तो भाग वेगळा.)

त्यापेक्षा मुलांना शाळेतला गळका नळ द्या. खाली बादली ठेवायची, तासाभराने पाणी मापाने मोजायचे. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाकाठी १५ ते २० लिटर पाणी जाते. तिसरी-चौथीची मुले हे गणित आवडीने करतील आणि नळ दुरुस्त होईपर्यंत मुख्याध्यापकांची पाठ सोडणार नाहीत. पाठकोरे कागद वापरणे, मधल्या सुटीत दिवे-पंखे बंद करणे हेही सहज जमेल. फक्त मुलांनी दाखवलेला गळका नळ 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून टाळू नये. वायसर बदलायला ठराव लागत नाही.

– एक पालक