निंदणी करताना रोप उपटलं जातंय : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला कारकून आहे. नोकरीची शेवटची अकरा वर्षं एका तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. हे पत्र महसूल मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय, कारण पुराभिलेख संचालनालय आपल्या विभागाकडे आहे. कुठला कागद ठेवायचा आणि कुठला जाऊ द्यायचा, हे ओळखणारी माणसं तिथे आहेत. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये माझ्या अकरा वर्षांत त्यांच्यापैकी एकही जण आला नाही.

जुने कागद काढून टाकण्याला सरकारी मराठीत ‘निंदणीकरण’ म्हणतात. शब्द शेतातला आहे आणि मला तो आवडतो. निंदायला येणारी बाई वीतभर पिकात बसून झपाझप तण काढत जाते, पण रोपाला धक्का लागत नाही, कारण तिला दोन्ही ओळखू येतात. आमच्याकडे निंदणी व्हायची ती अशी : मोठ्या साहेबांची तपासणी लागली, की आठ दिवस आधी खोली रिकामी करण्याचा तोंडी हुकूम यायचा. रोजंदारीवर दोन पोरं यायची, दारात टेम्पो लागायचा आणि जे गठ्ठे हाताशी ते आधी जायचे. यादी नंतर, टेबलावर बसून तयार व्हायची. अशा दोन याद्या मी स्वतः लिहिल्या आहेत. त्याची बोच अजून जात नाही.

नियम वाईट नाहीत. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या ‘सहा गठ्ठा पद्धती’त तर रेकॉर्ड रूमला पाठवायच्या कागदांचा आणि नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा प्रत्येक टेबलावर वेगळा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदाही आहे. नियमाबाहेर कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मग घोडं अडतं कुठे? फायलीच्या कव्हरवर वर्ग लिहायची एक चौकट असते, तिथे अडतं. फाईल बंद करताना ज्या कारकुनाने ती चालवली त्यानेच वर्ग टाकायचा असतो, कारण आत काय आहे ते त्यालाच ठाऊक. पण त्याची बदली झालेली असते, नाहीतर निवडणुकीचं काम अंगावर असतं, आणि चौकट कोरी राहते. पंधरा-वीस वर्षांनी ती फाईल माझ्यासारख्याच्या हातात येते. कव्हर कोरं, दोरा कुजलेला, वाळवीने कडा खाल्लेल्या. अशा फाईलचा ‘ड’ व्हायला फार वेळ लागत नाही.

त्या गठ्ठ्यात काय होतं हे पुढे कळतं. २०२३ साली मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात, मग राज्यभर, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही, मला फक्त त्या तपासलेल्या कागदांबद्दल बोलायचंय. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे आपलं कोतवाल बुक, भूमी अभिलेखचं पक्काबुक, शेतवारपत्रक. इथवर ठीक, हे कागद महत्त्वाचे आहेत हे कुणीही सांगेल. पण त्या यादीत उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या होत्या आणि कारागृहातलं कच्च्या कैद्यांचं रजिस्टरही होतं. पणजोबांची जात ताडीच्या वहीत शोधावी लागेल, असं ती वही लिहिणाऱ्याला कधी वाटलं असेल का? आणि मधल्या सत्तर वर्षांत एखाद्या साहेबाने ती ‘निरुपयोगी’ म्हणून काढली असती, तर त्याला चूक कोण म्हणालं असतं? त्या शोधाच्या वेळी गावोगावच्या कार्यालयांत मोडी वाचणारी माणसं शोधताना धावपळ झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली.

ही गोष्ट एका समाजापुरती नाही. जात पडताळणीला अनुसूचित जातीच्या माणसाकडून १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांकडून २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींकडून १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्यांच्या आजोबांनी पालं टाकत आयुष्य काढलं, त्यांच्या घरात कुठली पेटी आणि कुठले कागद? त्यांचा पुरावा असला तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, नाहीतर आमच्याकडे. एक बाई मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सासऱ्याची नोंद शोधत माझ्याकडे तीन वेळा आली. त्या गावाचं, त्या काळातलं बाड रॅकवर नव्हतं. नष्ट केलेल्यांच्या यादीत होतं का, ते सांगता येईना, कारण यादीत नुसतं ‘जुने किरकोळ कागद, गठ्ठे इतके’ एवढंच लिहिलेलं. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा दाखला मी सही करून तिच्या हातात दिला. सरकार ज्या कागदाशिवाय तिच्या लेकीला प्रवेश देत नव्हतं, तोच कागद सरकारनेच हरवला होता. ती मला काही बोलली नाही. दाखल्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि एसटीला गेली.

याच्या उलटही घडतं, आणि तेही तितकंच वाईट. जे खरोखर नष्ट व्हायला हवं ते धड नष्ट होत नाही. ‘ड’ वर्गात उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज असतात, त्यांना आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो जोडलेले. हे कागद किलोवर रद्दीत जातात. तालुक्याच्या बाजारात मी एकदा भेळ घेतली, तर पुडी अशाच एका अर्जाची होती. फोटो शाबूत, अंगठा शाबूत. तो अर्ज मी घरी आणून जाळला.

केंद्राच्या कार्यालयांत २०२१ पासून दर ऑक्टोबरला स्वच्छतेची विशेष मोहीम असते. आपल्याकडेही वेळोवेळी तशा मोहिमा निघतात. त्यांचा आकडा गाजतो तो किती चौरस फूट जागा मोकळी झाली आणि भंगारातून किती रुपये आले याचा. किती कागद वाचून जपून ठेवले, हे माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहा. इंग्रजांनी ते हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इतिहासाच्या प्रेमाने सांभाळले नाहीत. इनामांचे दावे तपासायचे होते, वसुली पाहायची होती, म्हणून ठेवले. पण ठेवले. म्हणून १९३० नंतर रियासतकार सरदेसायांना त्यातून ४५ खंड काढता आले. मुंबईचं अभिलेखागार तर १८२१ पासूनचं आहे. ही परंपरा आपल्याच विभागाकडे आहे, ती तालुक्याच्या रेकॉर्ड रूमपर्यंत पोचलेली नाही एवढंच.

स्कॅनिंग झालंय, आता मूळ कागद कशाला, असं हल्ली ऐकू येतं. माझ्या डोळ्यांसमोर स्कॅनिंग झालं. पानं उलटणाऱ्या पोरांना पानामागे पैसे मिळत होते. मागच्या बाजूचे शेरे राहिले, घडीतल्या ओळी राहिल्या, मोडी बाडं तर कुठल्या गावची हे न कळल्याने भलत्याच नावाखाली गेली. मूळ प्रत हाताशी असेल तर हे दुरुस्त करता येतं.

म्हणून माझं मागणं असं आहे. १९६७ च्या आधीचा कुठलाही कागद आणि मोडी, उर्दू, फारसीतलं कुठलंही बाड, त्याचा वर्ग काहीही असो, पुराभिलेखच्या माणसाने पाहून लेखी संमती दिल्याशिवाय कार्यालयाबाहेर जाऊ नये. नष्ट करायच्या कागदांची यादी, गाव, वर्ष आणि विषय लिहून, महिनाभर आधी तहसीलच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागावी. ज्याला गरज आहे तो हात वर करील. ज्या कागदांवर लोकांचे फोटो आणि आधार-खात्याचे नंबर आहेत ते कापून, लगदा करूनच जावेत, त्यासाठी रद्दीचे चार पैसे कमी आले तरी चालतील. आणि कव्हरवरची ती चौकट कोरी असेल तर रेकॉर्ड रूमने फाईल परत पाठवावी. रेकॉर्ड रूममध्ये शिक्षा म्हणून माणूस पाठवणं बंद व्हावं, तिथे मोडी शिकलेला एक तरी जण असावा. विद्यापीठांतून मोडीचे वर्ग चालतात, शिकलेली मुलं काम शोधत आहेत.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी दोन मोडी बाडं ‘ड’च्या ढिगातून काढून मागच्या भिंतीच्या रॅकवर, वरून दुसऱ्या फळीवर ठेवली. ‘वाचल्याशिवाय टाकू नये’ अशी चिठ्ठी लावली आहे. कार्यालयाचं नाव आपल्या विभागाला वेगळ्या पत्राने कळवतो. ती अजून तिथे आहेत का, हे कुणाला तरी पाठवून पाहावं.

आपला नम्र,
एक निवृत्त अभिलेखपाल