मागची बाजू

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर सांगून भागलं असतं, पण सोबत एक वस्तू पाठवतोय, आणि नुसती वस्तू पाठवली तर तू दोन दिवस मला शिव्या घालशील.

आज सकाळी जुन्या बाजारात गेलो होतो. बुधवार-रविवारचा तो बाजार अजून तसाच आहे. गेलो होतो स्टोव्हचा बर्नर बघायला (हसू नकोस, आईला पुरणाला अजून स्टोव्हच लागतो) आणि घेऊन आलो सात फोटो. एकाने ताडपत्रीवर ढीग टाकला होता. नटनट्या आणि संस्थानिक वेगळे काढून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले, त्यांचा भाव निराळा. बाकी आपल्यासारखे, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, त्यांना वीस रुपये सरसकट. मी प्रत्येक फोटो उलटा करून बघायला लागलो तसा तो वैतागला. "अहो काका, चेहरा पुढं आहे!"

एका फोटोवर पाण्याचा डाग होता. लगेच म्हणाला, "पानशेतच्या पुरातला आहे, याचे पन्नास." मागे स्टुडिओचा शिक्का आणि त्याच्याखाली पेन्सिलीने साल, १९६४. पूर आला १२ जुलै १९६१ ला. मी काही बोललो नाही, पण पन्नासही दिले नाहीत.

बहुतेक फोटोंच्या मागे अल्बमचा काळा कागद चिकटलेला असतो. कुणीतरी ओरबाडून काढलेले. अक्षरं त्याखाली अर्धवट दिसतात. एकावर "मोठ्या वन्संच्या", पुढे काळा कागद, आणि थेट "तेव्हा पाऊस". मधलं गेलं.

पण तुला सांगायचं ते एका फोटोबद्दल. दाखवण्याचा फोटो. मुलगी उभी, हात स्टुलावर, मागे रंगवलेला जिना. पदर असा चापूनचोपून की साडी तिची नसावीच. पाठीमागे निळ्या-काळ्या शाईत, वळणदार वडीलधाऱ्या अक्षरात: "उंची ५ फूट १ इंच. मॅट्रिक. भारद्वाज गोत्र, मध्य नाडी. शिवण व पेटी येते. पसंत नसल्यास फोटो कृपया परत पाठवावा." वर तिचं नाव आहे, ते इथे लिहीत नाही. आणि अगदी खाली, दुसऱ्याच हाताने, पेन्सिलीत: "पत्रिका जुळते. कळवणे."

त्या "कळवणे"पाशी मी बराच वेळ उभा होतो. पसंत पडली असेल तर हा फोटो त्याच घरात राहिला, तिच्या नातवंडांनी बघितला, आणि घर मोडताना रद्दीत आला. नसेल पसंत, तर परत पाठवायचा राहिला. दोन्हीकडून तो ताडपत्रीवरच येतो. त्याला विचारलं, कुठून आणलास? म्हणाला, "वाड्याचा माल." कुठला वाडा, ते त्यालाही माहीत नाही.

मी फोटो का उलटे करतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या आत्याच्या अशाच तीन प्रती काढल्या होत्या. शेजारच्या काकूंचा शालू, कुणाचं तरी मनगटी घड्याळ. मजकूर आबांनी लिहिला. आजी हिशेबाच्या वहीत फोटोंचीही नोंद ठेवायची, अमुक गावी गेला, अमुक तारखेला आला, दूध आणि रॉकेलच्या मधोमध. प्रती सारख्या फिरत असायच्या. शेवटी दोन घरी होत्या. तिसऱ्यापुढे "गेला" आहे, "आला" नाही. आबांनी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. आजीला प्रतीच्या पैशांपेक्षा, लेकीचा चेहरा परक्याच्या घरात पडून आहे, हे लागलं होतं. ती पुढे अनेक वर्षं मधूनच विचारायची, "तो फोटो त्यांनी काय केला असेल रे?" आत्याचं लग्न सांगलीला झालं, छान झालं. तिला विचारलं की ती हसते. "फार चांगला आला होता, म्हणून ठेवून घेतला असेल मेल्यांनी."

तर मी तो शोधतो. सापडेल असं वाटत नाही. पण हात आपोआप फोटो उलटा करतो. आता बायोडेटा व्हॉट्सअॅपवर येतो, परत पाठवायचं काही उरलं नाही. त्याचं वाईट वाटावं असंही नाही. त्या काळच्या मुलींना विचार, त्या म्हणतील बरं झालं.

आता तुझं काम. सातवा फोटो सोबत आहे. मागे मोडीत तीन ओळी. आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलीत, शब्द कुठे तुटतो तेच मला कळत नाही. तू भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केलास, तेव्हा मी तुझी भरपूर टिंगल केली होती. ती मागे घेतो. देवनागरीत एकच शब्द आहे, "नाशिक". मोबाईलवर काढून बघितला, पण पेन्सिल पुसट झालीय, कॅमेऱ्यात काहीच येत नाही. दिव्याखाली तिरपा धरलास की अक्षरं चकाकतात, तसा वाच. कागद कडेला फुटतोय, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलाय. चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच आहे, फोटोला नाही, सांभाळून काप. आणि आधी मागचं वाच, मग पुढे कोण आहे ते बघ. मी उलट केलं, आणि आता त्या म्हातारीच्या तोंडी मला वाटेल ते घालून बसलोय.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा. फोटो परत पाठवायची घाई नाही. पण कळव.

तुझा,
सुध्या