जामिनाचा कागद

इंदूर, रामबाग
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय नंदे,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे. गणपतीत तुझा फोन आला होता, 'उद्या करते' म्हटलं, आणि आता दिवाळीसुद्धा होऊन गेली. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. माईला ऐकू कमी येतं, पण वरणात मीठ कमी पडलं की बरोबर कळतं. प्रकृतीचं एवढंच.

फोन करता आला असता. पण फोनवर तू अर्ध्यातच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस, आणि या वेळी मला ते ऐकायचं नाहीये. म्हणून लिहायला बसले.

जर्मनीची मुलं येणार म्हणून सांगितलं होतं ना? ती आली, तीन आठवडे राहिली आणि गेलीसुद्धा. आठ मुलं, दोन प्राध्यापक. आमच्या कॉलेजच्या सहा मुलांबरोबर त्यांचा एकत्र स्टुडिओ, म्हणजे नगररचनेचा प्रकल्प होता, विषय खान नदी. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून खाली जेवढं चालता येईल तेवढं चालायचं, मोजायचं, लोकांना विचारायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेलं. त्यातल्या एका दांडग्या मुलाने पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला नुसता चमच्याने खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना आणखी मागितलं. तुझ्या बंडूदादाची आठवण झाली. तोही असाच, हरायचं नाही म्हणजे नाही.

अरण्यालाही नेलं. वास्तुविशारद दोशींनी गरिबांसाठी आखलेली साडेसहा हजार प्लॉटची वसाहत, सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. त्यावर जोतं, नळ आणि संडास एवढंच बांधून दिलेलं, बाकीचं घर ज्याने त्याने जमेल तसं वाढवायचं. दोशींना 2018 मध्ये वास्तुकलेचं प्रिट्झकर पारितोषिक मिळाल्यापासून बाहेरची मंडळी आवर्जून बघायला येतात. पाहुण्यांनी फोटो काढले. मी मात्र आपल्या एका मुलाकडे बघत होते. तो जिन्याच्या पायऱ्या मोजत होता आणि वहीत लिहीत होता की कोणत्या घराचा जिना रस्त्यावर उतरतो आणि कोणत्याचा आतून.

हा मुलगा नदीकाठच्या वस्तीतला. वडिलांचा बडा गणपतीच्या बाजूला पोह्यांचा ठेला, आजी घरी. त्याची जोडी लावली होती एका उंच, शांत मुलीशी, आणि ती कुठली होती माहीत आहे? एम्शरच्या काठची. नंदे, मी रॉटरडॅमहून तुला ज्या नदीबद्दल लिहिलं होतं ना, तीच. (ते पत्र तू उत्तर न देता ठेवून दिलं होतंस, मला माहीत आहे.) कोळशाच्या खाणींमुळे तिकडची जमीन खचायची, जमिनीखाली नळ घातले तर ते फुटायचे, म्हणून शंभराहून जास्त वर्षं तिथल्या रूर भागातला मैला एम्शरमधून उघड्यावर वाहत होता. खाणकाम दुसरीकडे सरकल्यावर 1992 मध्ये काम हाती घेतलं. नदी मैल्यापासून मोकळी व्हायला 2021 चा शेवट उजाडला. जवळजवळ तीस वर्षं! त्या मुलीची आजी उन्हाळ्यात खिडक्या उघडत नसे म्हणे.

हे ऐकून आपला मुलगा तिला घरी घेऊन गेला. मीही बरोबर होते. त्याच्या आजीने दारातल्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, पाणी इथवर आलं होतं. मग हात थोडा वर नेला, "और उस साल यहाँ तक." तिथे चुन्याखाली खरोखरच एक तपकिरी रेघ होती. मुलीने टेप लावला, आपल्या मुलाने आकडा लिहिला, आजीने दोघांच्या हातावर गूळ ठेवला. घराबाहेरचा रस्ता उंबऱ्यापेक्षा खाली आहे. तो तसा का, ते त्या मुलाला पाठ होतं. अभियंते हिमांशू पारिखांच्या वस्तीसुधाराच्या त्या जुन्या योजनेत वस्त्यांमधले रस्ते मुद्दाम घरांपेक्षा खाली घेतले होते, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरून निघून जाईल. आपण दोघी हे 1990 मध्ये सर्व्हे करताना शिकलो. हा पोरगा ते अंगणात बसून शिकला. नंतर वरून डांबराचे थर चढत गेले आणि आता रस्ता किती उरलाय तेही त्याने घराघरासमोर मोजून ठेवलंय.

मग त्याने मुलीला एकच विचारलं. नदी साफ झाल्यावर काठावरची माणसं तिथेच राहिली का? तिला नीट सांगता येईना. ती म्हणाली, तू येशील तेव्हा आपण जाऊन विचारू.

नंदे, तो जाणार नाहीये.

आता खरं काय झालं ते सांगते. परतभेटीला आमची मुलं मार्चमध्ये तिकडे जायची आहेत. जागा चार. राहणं-जेवण त्यांच्याकडे. तिकीट, व्हिसा, विमा ज्याचा त्याने बघायचा. व्हिसाची फी 90 युरो, विमा निदान 30,000 युरोंचा, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, आणि बँकेचं स्टेटमेंट. त्याने वडिलांचं पासबुक आणून दाखवलं. पानंच्या पानं भरलेली, वीस रुपये, वीस रुपये, चाळीस, वीस, सगळे पोह्यांचे ऑनलाइन आलेले पैसे. महिनाअखेर शिल्लक तीन हजार एकशे काही. इतकं मेहनतीने भरलेलं पासबुक मी पाहिलं नव्हतं, आणि व्हिसाच्या खिडकीवर त्याची किंमत शून्य.

बैठकीत एकाने म्हटलं, याचा व्हिसा नाकारला गेला तर जागा वाया जाईल आणि पुढच्या वर्षी ते बोलावणार नाहीत. ज्यांचे कागद पक्के आहेत अशी चार नावं देऊ, हा पाचवा, राखीव. बोलणारा वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं खोटंही नाही. पण कामात पहिला असलेल्या मुलाचं नाव पाचवं लिहिलं गेलं आणि मी चहाच्या कपाची कड बघत बसले. एक शब्द बोलले नाही. बाहेर तो उभाच होता. मी सांगितलं तर म्हणाला, "ठीक है मॅडम, कोई बात नहीं."

तू असंच म्हणाली होतीस. 1992, इंदूर स्टेशन, मुंबईची गाडी, तुझ्या हातात माझ्यासाठी लवंगी शेवेचा पुडा. "जा गं, ठीक आहे."

मार्क तुझे जास्त होते. मिल बंद पडली, अप्पा घरी बसले, आणि रॉटरडॅमला शिकायला जायच्या तुझ्या अर्जाला जामीनदार मिळाला नाही. माझ्या कागदावर बाबांची सही होती. आपण नंतर दोन वर्षं बोललो नाही. तू म्हणायचीस मी जाण्याची तारीख लपवली, मी म्हणायचे तू विचारलं नाहीस. त्या भांडणात आपण दोघींनी तारखेवरच वेळ घालवला. जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं. बाबा दोघींसाठी सही करू शकत होते. त्यांचं प्राप्तिकराचं विवरण मीच झेरॉक्स करून आणलं होतं, मला आकडा माहीत होता. फक्त त्यांना विचारायचं होतं, "नंदासाठीही कराल का?" मी विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते असं मला वाटत नाही, आणि तेव्हाही वाटत नव्हतं. दोघींचे अर्ज पक्के झाले असते तर तुझं नाव वर आलं असतं. बस, एवढंच. तेहतीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, माईलाही नाही.

ग्रंथालयात त्या स्कॉटिश नगररचनाकार गेडिसवरून आपलं जुंपायचं ते आठवतं? मी त्याच्या इंदूरवरच्या 1918 च्या अहवालाचे दोन्ही खंड उशाशी घेऊन झोपायचे. परदेशी माणूस येतो, आपल्या गल्ल्यांतून पायी हिंडतो, सांगतो की घरं पाडू नका, जिथे दुखतंय तिथेच हलक्या हाताने कापा. दिवाळीची मिरवणूक जी गल्ली जास्त स्वच्छ तिकडून नेतो, सफाई कामगारांना हार घालून चालवतो, घाणीचा राक्षस जाळतो. मी भारावले होते. तू म्हणालीस, "सगळं खरं, पण तो इथे आला. इथून तिकडे कोण गेलं, तिकडच्या गल्ल्या बघायला?" मी चिडले होते. परवा त्या पाहुण्यांना राजवाड्यासमोर उभं करून गेडिसची हीच गोष्ट सांगताना तुझा प्रश्न मला जसाच्या तसा ऐकू आला आणि पुढचं वाक्य सुचेना. आपली वस्ती, आपली आजी, आपली भिंत त्यांच्या अहवालात जाणार. आपला मुलगा छायाचित्राखाली 'स्थानिक साहाय्य' म्हणून राहणार. त्यांचा दोष नाही. त्या मुलीने तर निघताना विचारलं, याचं नाव यादीत का नाही?

नावं शनिवारी पाठवायची आहेत. मी उद्या जाऊन सांगणार आहे की यादी पुन्हा लावा, त्याचं नाव पहिलं घाला. तिकीट मी काढते. कागदाचं काय ते तू सांग, तुझी सगळी हयात कर्ज आणि जामीन तपासण्यात गेली. नात्यात नसलेल्या बाईने प्रायोजक म्हणून पत्र दिलं तर चालतं का? माझं स्टेटमेंट आणि तीन वर्षांची विवरणं जोडली तर पुरे, की ठेवीची पावतीही लागेल? वडिलांच्या खात्यात आता एकदम पैसे टाकले तर ते संशयास्पद दिसेल ना? मला तसंच वाटतं, म्हणून टाकलेले नाहीत.

तुझं काय? छोटीचं लग्न ठरल्याचं काकूंकडून कळलं, मुलगा बडोद्याचाच ना? निवृत्ती डिसेंबरात की जानेवारीत? 2024 च्या ऑगस्टसारखं विश्वामित्रीचं पाणी यंदा तुमच्या सोसायटीत शिरलं नाही, एवढं बरं झालं. सविस्तर लिही, मी नीट वाचेन.

आणि वरचं ते जामिनाचं. त्यावर रागव, हवं तर पुन्हा दोन वर्षं बोलू नकोस. पण प्रायोजकाच्या पत्राचं उत्तर मात्र शुक्रवारच्या आत दे. त्याच्या वडिलांना मी सकाळी ठेल्यावरच गाठणार आहे. साडेसहाला गेलं तर गर्दी नसते.

तुझी,
शालू

ता. क. लवंगी शेव पाठवतेय. दोन पुडे आहेत, एक 1992 चा.