तिसरं लँड आलंच नाही

कोलोन,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस ते डोक्यातून जात नाही. ‘पत्ते पिसले की पुढचं सगळं नशिबाच्या हवाली. मग गाडीभाडं खर्चून गावोगाव जातोस, हरून येतोस आणि पुन्हा जातोस, ते कशासाठी?’ तेव्हा मी विषय बदलला, कारण दोन वाक्यांत सांगून संपेल असं ते नाही. आज स्पर्धा होती. आजही हरलो. झोप येत नाहीये, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तू सांगलीत बुद्धिबळावर वाढलेला माणूस. तुझ्या पटावर सगळा मामला उघड्यावर असतो. आमच्या मॅजिक या पत्त्यांच्या खेळात ६० पानांचा डेक, म्हणजे गड्डी, पिसायचा, समोरच्याने तो काटायचा आणि सात पानं उचलायची. बाकीची पालथी. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने हा खेळ बनवला आणि १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. डेकमध्ये काही कार्डं लँडची असतात. आपल्या पाळीत, म्हणजे दर वळणाला, एकच लँड मांडता येतं, त्यातून मॅना मिळतो आणि तो खर्चून बाकीची कार्डं खेळता येतात. लँड कमी आली तर हातात कितीही चांगली कार्डं असोत, ती हातातच राहतात. जास्त आली तर खेळायला काही उरत नाही. आमच्या या खेळातलं निम्मं सुखदुःख या एका गोष्टीत आहे.

आजची स्पर्धा एका दुकानातली असली तरी साधी नव्हती. ही जिंकली की रिजनल चॅम्पियनशिपला जाता येतं आणि तिथे वरचा नंबर आला की प्रो टूर, म्हणजे आमच्या खेळातली व्यावसायिकांची मोठी स्पर्धा. फेऱ्या स्विस लीगच्या, हरलेला बाद होत नाही आणि साधारण सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येतात, म्हणजे तुला काही समजवायला नको. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. समान गुण झाले तर आधी ज्यांच्याशी खेळलो त्यांची कामगिरी बघतात, तुमच्या बुद्धिबळातल्या बुकोल्झसारखीच. मी पहिली फेरी हरलो आणि पुढच्या चार जिंकलो. पहिलीच हरल्यावर काय होतं तुला ठाऊक आहे: खालच्या गटातले खेळाडू समोर येतात आणि टायब्रेक कच्चा राहतो. त्यामुळे शेवटच्या फेरीत काही टेबलांवर हात मिळवून बरोबरी झाली, मला ती परवडणारी नव्हती. जिंकलो तर पहिल्या आठात, नाहीतर घरी.

(हे वाचून तू चमकशील. आमच्याकडे ठरवून बरोबरी करायला नियमानेच मुभा आहे. पण तिच्या बदल्यात काही देऊ केलं, किंवा फासा टाकून निकाल ठरवू म्हटलं, तर कडक शिक्षा. मला हा नियम फार योग्य वाटतो. जे होतं ते उघड होतं आणि त्यात देवघेव नाही.)

समोर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. दोरीला अडकवलेला चष्मा, आणि लाइफ लिहायला चौकटीची छोटी वही. (लाइफ म्हणजे प्रत्येकाचे सुरुवातीचे २० गुण; शून्यावर आले की गेम गेला.) २० पासून खाली येणारा प्रत्येक आकडा ते एकेका चौकटीत लिहायचे, आधीचा आकडा सरळ रेघेने खोडायचे. फेरी तीन गेमची, आणि दोघांनी एकेक जिंकला होता. तिसऱ्यात सुरुवात त्यांची, मी दुसरा, म्हणजे पहिल्या वळणापासून मला पान उचलायला मिळणार. हात उघडला: दोन लँड, दोन-दोन मॅनाची तीन कार्डं, बाकीची दोन महाग. माझ्या डेकमध्ये २४ लँड आहेत. म्हणजे उरलेल्या ५३ पानांत २२, आणि तिसऱ्या वळणापर्यंत तीन पानं उचलायची. तीनही वेळा लँड न येण्याची शक्यता शंभरात १९. असा हात मी ठेवतो आणि उद्याही ठेवीन.

पहिलं पान लँड नाही. दुसरंही नाही. तिसरं उचलताना मी ते लगेच उलटत नाही, आधी हातातल्या पानांमागे सरकवतो आणि मग बघतो. सवयच लागली आहे. तेही लँड नव्हतं. समोरच्याकडे चार लँड, टेबलावर तीन क्रीचर, म्हणजे हल्ला करणारी कार्डं. चौथं पान नाही, पाचवं नाही. पाच पानांत एकही लँड न येणं शंभरात सहा वेळा होतं. त्यांच्या वहीत माझ्या नावाखाली १५, ११, ६ आणि मग शून्य. त्यांनी हात पुढे केला, ‘वाईट झालं’ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही तसंच दिसत होतं. पुष्कळ जण अशा वेळी डेकवरचं पुढचं पान उलटून बघतात. मी बघत नाही. ते लँड असलं तरी जळफळाट आणि नसलं तरी जळफळाट.

हातातोंडाशी आलेला घास गेला, सुहास. बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर उभा राहिलो तेव्हा घसा दाटून आला होता. चाळिशीला टेकलेल्या माणसाने पत्त्यांसाठी असं व्हावं का, असं कुणी म्हणेल. आईच्या लेखी तर मी अजून पत्तेच कुटत बसतो. पण त्या एका फेरीमागे कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळी होत्या, साइडबोर्डच्या, म्हणजे गेमच्या मध्ये डेकमध्ये बदलून घ्यायच्या, १५ जादा कार्डांतलं एकेक कार्ड घालून-काढून पाहिलेलं होतं, आणि ते सगळं पाच पानांत संपलं.

तरीही आजचीच तिसरी फेरी तुला सांगायला हवी. समोरच्या मुलीचा पहिला हात वाईट निघाला. आमच्याकडे हात परत करून पुन्हा सात उचलता येतात, पण जितक्यांदा परत केला तितकी पानं तळाला घालावी लागतात. २०१९ पासूनची ही पद्धत. तिने तीनदा परत केला आणि चार पानांवर खेळली. दहा मिनिटांत गेम माझा. तिच्याही तयारीमागे तेवढ्याच संध्याकाळी असतील. तेव्हा मी ‘नशीब’ म्हटलं नाही, पुढच्या फेरीचं टेबल शोधायला लागलो. सगळ्या खेळाडूंचं असंच होतं. न आलेलं लँड वर्षानुवर्षं लक्षात राहतं, समोरच्याला न आलेलं संध्याकाळपर्यंत विसरतं. पान आपल्याला जितकं फसवतं तितकंच समोरच्यालाही, हे मनाला पटायला मला पुष्कळ स्पर्धा लागल्या.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मग कौशल्य कुठे? २००६ ची होनोलुलूची प्रो टूर घे. उपांत्य फेरी, इंग्लंडचा क्रेग जोन्स विरुद्ध फ्रान्सचा ऑलिव्हिए रुएल, निर्णायक गेम. पुढच्या हल्ल्यात जोन्स संपणार हे उघड होतं आणि रुएलचं लाइफ सात. जोन्सच्या हातात ‘चार’ (इंग्रजीतलं Char, आकडा नव्हे) नावाचं कार्ड होतं, चार डॅमेज करणारं, म्हणजे चार लाइफ कमी करणारं. ते रुएलच्या क्रीचरवर टाकून जीव थोडा लांबवण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याने ते सरळ रुएलवर टाकलं. सातचे तीन झाले. आता डेकमधलं एखादंच कार्ड त्याला वाचवू शकत होतं, पण ते आलं तर तो जिंकणार होता. क्रीचर मारत बसला असता तर तेच कार्ड येऊनही उपयोग नव्हता. त्याने पान उचललं. लायटनिंग हेलिक्स. तीन डॅमेज. आमच्या खेळातलं सगळ्यात गाजलेलं पान ते. लोक त्या पानाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. मी त्याआधीची चाल बघतो. पान नशिबाने आलं, पण त्याला यायला जागा जोन्सने करून ठेवली होती. तू वाईट डावात एकच सापळा शिल्लक ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट बघतोस ना, तीच जात.

आणि पुढचं फारसं कुणी सांगत नाही. अंतिम फेरीत जोन्स मार्क हर्बरहोल्झकडून हरला.

या खेळात थोरामोठ्यांचंही असंच आहे. सर्वोत्तम खेळाडू दहातल्या सहा-साडेसहा मॅच जिंकतात, एवढंच. लुईस स्कॉट-व्हार्गास २०१० मध्ये सॅन डिएगोच्या प्रो टूरमध्ये स्विसच्या सगळ्या, म्हणजे सोळाच्या सोळा फेऱ्या अपराजित राहिला. उपउपांत्य सामनाही जिंकला. उपांत्य फेरीत आमच्या जर्मनीच्या सिमॉन ग्योर्ट्झनकडून हरला, आणि ग्योर्ट्झन विजेता झाला. सतरा जिंकून अठरावी गेली की विजेतेपदाविना घरी. बुद्धिबळात असं वरचेवर होत नाही. आमच्याकडे रोजचं आहे. म्हणूनच ज्यांनी सातत्य दाखवलं त्यांच्याबद्दल मला जास्त आदर वाटतो. या कोलोनचाच काई बुडे (Kai Budde) हा खेळाडू बघ: १९९९ चं जगज्जेतेपद धरून सात प्रो टूर जिंकला. नुसत्या नशिबाने सातदा कुणी जिंकत नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रीड ड्यूक. २०१३ मध्ये ॲम्स्टरडॅमला जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी तो शहार शेनहारकडून ३-२ अशी हरला. पुढे वर्षानुवर्षं चांगला खेळत राहिला, हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला, पण प्रो टूरचं विजेतेपद काही पदरी पडेना. २०२० मध्ये कोविड आला आणि समोरासमोरच्या स्पर्धाच थांबल्या. प्रो टूर पुन्हा टेबलावर सुरू झाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, फिलाडेल्फियात. ती ड्यूकने जिंकली. ॲम्स्टरडॅमनंतर जवळजवळ दहा वर्षांनी. मी ते घरी बसून बघत होतो, आणि शेवटचा गेम संपला तेव्हा एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो. हरल्यावर तो समोरच्याशी ज्या सौजन्याने बोलतो, जिंकल्यावरही अगदी तसाच बोलला. मला तसं व्हायचं आहे. विजेतेपद मिळो न मिळो, तसं हरता यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझीही एक चांगली वेळ होऊन गेली, ती तुला नीट सांगितलीच नव्हती. गेल्या वर्षी अशीच एक दुकानातली स्पर्धा मी जिंकलो आणि रिजनलला गेलो. भलामोठा हॉल, टेबलांच्या रांगाच रांगा, काळ्या शर्टांतले जज, आणि शेकडो लोक एकाच वेळी प्लास्टिकच्या स्लीव्हमधले पत्ते पिसताना होणारी ती खरखर. पहिल्या दिवशी एवढ्या मॅच जिंकलो की दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांसाठी पात्र ठरलो. रात्री हॉटेलात जेवणही गेलं नाही, इतका आनंद. दुसऱ्या दिवशी सपाटून हरलो. पण तिथल्या एका फेरीत मला दोन वळणं आधीच कळलं होतं की समोरच्याने हातात काय राखून ठेवलंय. त्याने दोन मॅना मोकळे ठेवले, पान टाकता येत असून टाकलं नाही. मी माझं मोठं क्रीचर मागे ठेवलं, आधी छोटं टाकलं, आणि त्याने नाइलाजाने आपलं कार्ड त्याच्यावर खर्च केलं. ती फेरी मी जिंकली. त्या क्षणासाठी मी गावोगाव जातो, सुहास. समोरच्याचं मन वाचता येतंय हे कळण्यात जे सुख आहे ते मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

स्पर्धेहून परतताना मी वहीत गेमचे निकाल लिहीत नाही, ठेवलेले आणि परत केलेले हात लिहितो. आजचा हात लिहिला आणि पुढे ‘ठेवला, बरोबर’ असं लिहिलं. आता एकच प्रश्न तुझ्या गणिताच्या डोक्यासाठी. २५वं लँड घातलं तर ती १९ ची शक्यता १७ वर येते. पण त्यासाठी एक चांगलं कार्ड काढावं लागेल आणि उशिराच्या वळणांत लँडचा पूर येण्याची भीती वाढेल. माझा कल २४ वर राहण्याकडे आहे. तू काय म्हणशील?

पुढच्या शनिवारी ड्युसेलडॉर्फला पात्रता स्पर्धा आहे, नाव नोंदवलंय. तुझी खुली स्पर्धा कधी संपते? हरलास तरी डाव पाठव, जिंकलास तरी पाठव. मला आता दोन्ही तितक्याच आवडीने बघता येतात. काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही. गुडघ्याचं औषध काकू वेळेवर घेतायत ना, तेही कळव.

तुझा,
मंदार

ता. क. चिऊला सांग, तिची पोकेमॉनची पाकिटं घेऊन ठेवली आहेत. दिवाळीत आलो की देतो. तोवर तिने तुझ्याबरोबर मेंढीकोट खेळावा, पिसायची सवय होईल.