पारोळ्याजवळच्या पंपावरच्या आबांना

आबा, सादर नमस्कार.

आखाजीच्या सणासाठी सुरतेहून फैजपूरला निघालेलं आमचं बिऱ्हाड तुमच्या लक्षात असेलच असं नाही. उन्हात लेकरांचे हाल नकोत म्हणून रात्रीच निघालो होतो. कोंडाईबारीचा घाट ओलांडला, धुळं मागे पडलं आणि यांच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. "पंपावर जरा झोपू का?" म्हणून विचारलं, तर तुम्ही आधी अट घातलीत: "झोपा, पण गाडी बंद करून. एसी चालू ठेवणार असाल तर माझ्याकडे जागा नाही."

आभार मानायचे आहेत ते या अटीचे. आपल्याकडच्या वैशाखात रात्रीही अंगाची लाही होते, त्यात असं कडक बोलायला धीर लागतो. दुसऱ्या कुणी "झोपा ना" म्हणून वाट मोकळी केली असती. तुम्ही मात्र उभं राहून समजावलंत. सायलेन्सरला, खालच्या पत्र्याला कुठे फट असली की उभ्या गाडीचा धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी पडेल; झोपलेल्याला पत्ताच लागत नाही. माझी बहीण नर्स आहे. ती म्हणाली, आबांचं अगदी बरोबर आहे; हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

मग जागाही तुम्हीच दाखवलीत. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या ट्रकांपासून लांब, दिव्याखाली, तुमच्या केबिनमधून दिसेल अशी. तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघायची वेळ आली तर मागे-पुढे करत बसायला नको. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं खाली, दारं आतून लॉक, पर्स सीटखाली, किल्ली हाताशी. माझी ओढणी तुम्ही माठातल्या पाण्यात बुडवून पिळलीत आणि काचेच्या फटीत अडकवून दिलीत. डास अडले, आणि वारा आला की गारवाही लागायचा. धाकटी तर लगेच झोपली. हायवेवरच्या मदतीचा १०३३ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे नंबर यांच्या मोबाइलमध्ये घालून घेतलेत, तेही बरं झालं.

"रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपणारा मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर झोपतो," हे तुमचं वाक्य मी माझ्या भावाला ऐकवलं. तो केळीची गाडी घेऊन रात्री-अपरात्री फिरतो. आता झोप आली की पंप नाहीतर ढाबा गाठतो, इंजिन बंद करतो आणि मला फोन करतो.

उन्हं वर यायच्या आत काचेवर टकटक करून उठवलंत, चहा पाजलात आणि पैसे काही घेतले नाहीत. बंद गाडी उन्हात बघता बघता तापते, लेकरं आत असताना उशीर करू नका, हेही बजावलंत.

आबा, रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाला ही अट अशीच घालत राहा. कुणी कुरकुर केली तरी.

तुमची,
फैजपूरची एक लेक