कॉस्च्युम ड्रामा म्हणजे नुसते झगे नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'काय बघाल' या सदरात इंग्रजी कॉस्च्युम ड्रामांना, म्हणजे जुन्या काळातल्या कथांवरच्या मालिकांना, "झगे, बंगले आणि चहाचे कप" असं म्हणून एका ओळीत निकालात काढलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

बीबीसीची २००४ ची 'नॉर्थ अँड साउथ' बघा, चारच भाग आहेत. एलिझाबेथ गॅस्केलची कादंबरी, १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आलेली. बाई स्वतः मँचेस्टरला राहायच्या आणि कादंबरीतलं मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टरच. मालिकेच्या पहिल्याच भागात दक्षिण इंग्लंडमधून आलेली नायिका मार्गारेट गिरणीचं दार सरकवते आणि आत साच्यांची (कापड विणायच्या लूमची) धडधड आणि सगळीकडे कापूस उडतोय, बर्फ पडावा तसा, आणि त्या कापसातच माणसं काम करतायत. नंतर ती मावसबहिणीला पत्रात लिहिते की मी नरक पाहिला आणि तो पांढराशुभ्र आहे. खऱ्या गिरणीत, खरे साचे चालवून शूटिंग केलंय, ते जाणवतं.

माझे वडील लालबागला गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. पहिली पाळी सुटली की घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळीवर, शर्टाच्या कॉलरमध्ये कापूस अडकलेला, आई गॅलरीतच उभं करून टॉवेलने झटकायची आणि मगच आत घ्यायची. रात्रभर खोकायचे. त्यामुळे ती मालिकेतली बेसी, मार्गारेटच्याच वयाची, एकोणीस वर्षांची, तीही कार्डिंगचीच, छातीत कापूस जाऊन मरते, ते बघताना मला तिच्या कपड्यांची डिझाईन कशी आहे हे सुचणार तरी कसं?

कादंबरीत बेसी सांगते की काही गिरण्यांमध्ये धूळ ओढून घ्यायला मोठं चाक बसवतात पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काहीच नाही म्हणून फार मालक बसवत नाहीत, आणि कामगारांपैकीही काहींना ते नको असतं, कारण कापूस गिळायची सवय झालेली, तो पोटात गेला नाही की भूक जास्त लागते आणि मग पगार वाढवून मागावा लागतो. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. अशी गोष्ट नुसती कल्पनेने लिहिता येत नाही, कुणाच्या तरी घरी बसून ऐकलेलीच असणार.

मालिकेत मला न पटलेलंही आहे. गिरणीमालक थॉर्नटन पाइप ओढणाऱ्या कामगाराला बेदम मारतो, हे पुस्तकात नाही, मालिकेसाठी घातलंय. कापसात ठिणगी पडली तर काय होतं हे आम्हाला माहितीय, बाबांच्या गिरणीत गेटवरच काडेपेटी काढून घ्यायचे, त्यामुळे त्याचा राग समजतो, पण तेवढी मारहाण दाखवून पुस्तकातल्या त्या हट्टी पण न्यायी माणसावर अन्यायच झालाय. शेवटही बदललाय, पुस्तकात लंडनच्या घरातल्या खोलीत संपतं ते इथे रेल्वे स्टेशनवर नेलंय. तो बदल मात्र मला आवडला, उत्तरेची गाडी आणि दक्षिणेची गाडी आमनेसामने उभ्या, मार्गारेट आणि थॉर्नटन मधल्या फलाटावर.

आईला इंग्रजी येत नाही. मागच्या वर्षी तिच्याशेजारी बसून पहिला भाग परत बघितला, मी मधेमधे सांगत होते. गिरणीचा सीन आला तर मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "हे लूमखातं गं, कार्डिंगला एवढा आवाज नसतो." आणि मग पदराने नाक झाकून बसली, टीव्हीसमोर.

तर सदर लिहिणाऱ्यांना एवढंच सांगा की पहिला भाग पूर्ण बघा आणि मग लिहा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली