यादी तू कर

म्हसरूळ, नाशिक

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री मामाचा फोन आला होता. तुझ्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रेफरन्स फॉर्मची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, यादी त्याने एक्सेलमध्ये करून ठेवली आहे म्हणे. पहिल्या नंबरला आडगावचं कॉलेज, मग घोटीजवळचं एसएमबीटी, मग धुळे, मग जळगाव. मुंबईचं केईएम, जेजे, पुण्याचं बीजे यांची नावंच नाहीत. का, असं विचारलं तर म्हणाला, "दाजी, ते तिच्या मार्कांना मिळणार नाही. मग वरच्या जागा वाया का घालवायच्या? मिळण्यासारखं आहे ते वर टाकलं की काम पक्कं." मामाची माया कळते मला. पण हिशेब साफ चुकलेला आहे, आणि सटाण्याहून नाशिकला येईपर्यंत तो तुझ्या डोक्यात पक्का बसेल म्हणून घाईने लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण स्पीकर चालू असतो आणि मग सगळेच बोलतात.

सीईटी सेल, म्हणजे राज्याची प्रवेश यंत्रणा, जागा कशा वाटते ते आधी नीट समजून घे. एसटीच्या आरक्षणाची खिडकी डोळ्यासमोर आण. रांग 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या मार्कांनी लागलेली आहे आणि ती हलत नाही. तुझा नंबर आला की आतला माणूस तुझी चिठ्ठी घेतो आणि वरून खाली वाचत जातो. पहिलं कॉलेज: तुला लागू होणारी जागा, खुली, ओबीसी किंवा मुलींची, उरली आहे का? नाही. दुसरं? नाही. तिसरं? आहे, घ्या. संपलं. तू केईएम पहिलं लिहिलंस म्हणून तुला रांगेत मागे ढकलत नाहीत. तुझ्या मागच्याने धुळे पहिलं लिहिलं आणि तू सातवं, तरी धुळ्याची जागा आधी तुझीच, कारण रांगेत तू पुढे आहेस. वरची नावं लिहायला काही पडत नाही. उलट "मिळेल ते वर" या नियमाने धुळे पहिलं टाकलंस आणि तुझ्या नंबरापर्यंत बीजेची एखादी जागा खरंच उरली असली, तर ती तुझ्या मागच्याला जाईल. तुला कोणी कळवणारही नाही.

म्हणून ज्या क्रमाने तुला हवंय त्या क्रमाने लिही. मागच्या वर्षीचे कटऑफ बघून मनाची तयारी करायला हरकत नाही, पण यादीचा क्रम त्यावरून लावू नकोस.

सावध राहायचं ते यादीच्या तळाशी. जिथे तू जाणार नाहीस ते नाव लिहायचंच नाही, कारण लिहिलं की मिळू शकतं. मामाने शेवटी "असू दे" म्हणून पंचवटीतलं डेंटल टाकलंय. तुला दातांचं डॉक्टर व्हायचं असेल तर खुशाल ठेव, चांगला व्यवसाय आहे. पण नुसतं "असू दे" म्हणून ठेवलेलं नाव गळ्यात पडलं की मग घरात रडारड. आयुर्वेदाचा प्रश्न वेगळा, त्याची पसंती वेगळी भरायची असते, त्यामुळे गणेशवाडीचा विचार आत्ता करू नकोस. जागा मिळून प्रवेश घेतल्यावर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, फॉर्म असतो. तो भरला की पुढच्या फेरीत वरची जागा मिळण्याचा दरवाजा बंद. कोणी सही कर म्हटलं म्हणून करून बसू नकोस. बाकी फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केलं यापेक्षा यंदाची माहितीपुस्तिका खरी.

आता थोडं माझं. १९९३ साली मी बारावी झालो तेव्हा नीट नव्हती. बोर्डाच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. प्रॅक्टिकलचे मार्कही त्यातच. ते कुठे कसे पडायचे याच्या कथा आमच्या पिढीतल्या कोणालाही विचार. शिवाय ७०:३० चं सूत्र होतं. राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग, आणि ज्या भागात शिकलं तिथल्या ७० टक्के जागा त्या भागाच्या मुलांना. आपण उर्वरितमध्ये. ते सूत्र २०२० मध्ये काढून टाकलं, त्यामुळे तुला नागपूर आणि औरंगाबादही तितकंच मोकळं आहे, जितकं धुळे. मामाच्या यादीत तिकडचं एकही नाव नाही, ते त्याच्या लक्षात आलेलं नसावं.

त्या वर्षी मी सेवाग्रामचाही फॉर्म भरला होता, हे तुला कधी सांगितलंय का? डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं कॉलेज. त्यांची प्रवेश परीक्षा स्वतःची होती आणि तीत गांधीविचारांचा एक पेपर असायचा. महिनाभर सार्वजनिक वाचनालयात बसून मी चरखा, ग्रामस्वराज्य, निसर्गोपचार वाचत होतो. त्या पेपरात मला बरे मार्क पडले असावेत, बाकीच्यांत नाही. मग डी.फार्म. केलं आणि आज औषधाच्या दुकानात उभा आहे, त्याचं मला दुःख नाही. पण एखादं कॉलेज तुमच्याकडून विज्ञानाखेरीज आणखी काही वाचून यायची अपेक्षा ठेवतं, हे तेव्हा फार आवडलं होतं. आता तिथेही नीट. आपल्याकडे पुण्याचं लष्कराचं एएफएमसी तेवढं नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा घेतं, मुलाखत घेतं, मग जागा देतं. बाकी सगळीकडे १८० प्रश्न, ७२० मार्क, निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. बरोबरला चार, चुकला तर एक वजा. तू डॉक्टर का होतेस, रक्त बघून घेरी येते का, म्हाताऱ्या माणसाशी बोलता येतं का, कोणी विचारत नाही.

हे चुकीचं आहे असं दिगूकाका तावातावाने म्हणतो. परदेशात कशा मुलाखती घेतात, मुलांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवत दहा माणसं वेगवेगळे प्रसंग कसे घालतात, हे त्याने मला ऐकवलं. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने ती पद्धत काढली, हे खरं. पण सई, आपल्या जिल्ह्यात मुलाखतीने जागा द्यायच्या ठरल्या असत्या तर पहिला फोन दिगूकाकानेच कोणाला तरी लावला असता. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली. त्यानंतर डोनेशन हा शब्द घराघरांत कसा शिरला ते मी पाहिलंय. कायद्याने १९८७ मध्ये बंदी आली, पण पाकिटं बंद व्हायला बंदी पुरली नाही. पुढे खासगी कॉलेजांची वेगळी असो-सीईटी आली. २०१३ मध्ये नीट आली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि पुढे टप्प्याटप्प्याने एकच परीक्षा सगळ्यांना लागू झाली. २०२४ मध्ये पेपरफुटीने आणि ग्रेस मार्कांनी तिची जी शोभा झाली ती तू स्वतः भोगलीस, त्या जूनमध्ये तू धड जेवत नव्हतीस. तरीही मला कागदावरची परीक्षाच बरी वाटते. ओएमआर शीटला आडनाव वाचता येत नाही.

पण ती परीक्षा जितकी आहे तितकीच मान. २०२५ साली बारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी निम्म्याच. कॉलनीतले लोक "क्वालिफाय झाली, पेढे कुठायत" म्हणतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं. आणि तू काठावर आहेस. काठावर एका प्रश्नाने पाच मार्क फिरतात, चार जायचे ते जातात आणि एक वजा होतो. त्या पाच मार्कांत हजारो मुलं बसलेली. सारखे मार्क पडले की आधी बायोलॉजीचे बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. नेदरलँड्समध्ये तर १९७२ पासून कित्येक वर्षं वैद्यकीयच्या जागा चक्क चिठ्ठ्या टाकून देत. मार्क जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त, एवढाच फरक. २०१७ मध्ये बंद केलं आणि २०२३ पासून कॉलेजांना पुन्हा मुभा दिली. वाचून आधी हसलो. मग वाटलं, काठावरच्या मुलांच्या बाबतीत आपणही तेच करतो, फक्त चिठ्ठी म्हणत नाही.

या सगळ्या प्रकरणात तुला काय हवंय हे एकाच ठिकाणी विचारतात, त्या प्रेफरन्स फॉर्मवर. तिथे मामाचं अक्षर नको, माझंही नको.

माझं मत मागितलंस तर सांगतो. नाशिकमध्येच राहायचा हट्ट धरू नकोस. आईला वाटतं मुलगी घरी असावी, आणि २०२४ पासून इथे सरकारी कॉलेजही सुरू झालंय, त्यामुळे तिला आता कारणही सापडलंय. पण धुळ्याला शिकलीस काय किंवा गडचिरोलीला, परीक्षा आरोग्य विद्यापीठच घेणार आणि डिग्री दिंडोरी रोडवरूनच येणार, आपल्या घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावरून. कॉलेज निवडताना ओपीडीत गर्दी किती, वॉर्ड भरलेले असतात का, हे बघ. कॅम्पसचे फोटो बघू नकोस. माझ्या काउंटरवर पंचवीसेक वर्षं प्रिस्क्रिप्शनं येतायत. ज्याने शिकताना खूप पेशंट पाहिलेत तो डॉक्टर औषधं कमी लिहितो, असा माझा अनुभव आहे. माझ्या धंद्याला ते परवडत नाही, ते सोड. धुळ्याचं हिरे कॉलेज जुनं आहे, आणि बसने घरी येता येतं. नंदुरबार २०२० चं, लांब, पण सातपुड्यातला आजार तिथे जसा दिसेल तसा दुसरीकडे दिसणार नाही. हे माझं मत. तू वरखाली कर.

पैशाचं सरळ सांगतो, म्हणजे तू मनातल्या मनात काटछाट करणार नाहीस. सरकारी मिळालं तर प्रश्न नाही. कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या फेऱ्यांतून, खासगी मिळालं तरी, ओबीसी मुलींसाठी उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासून कॉलेजच्या शिक्षणाची आणि परीक्षेची पूर्ण फी शासन भरतं. होस्टेल, मेस, पुस्तकं आपली, ती होतील. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही, म्हणून दिल्लीच्या एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीच्या, फॉर्मवर देशभरासाठीच्या १५ टक्के कोट्यातली सरकारी कॉलेजं भर, अभिमत एकही नको. मखमलाबादचा प्लॉट विकायचा नाही, हे मी आणि आईने तुला न विचारता ठरवलंय. तेवढं एक आमचं. सरकारी घेतलंस तर शेवटी एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो. तू सेवा करशील, मला शंका नाही.

"सीट करून देतो" असे फोन मला रोज येतायत. तुझे मार्क, तुझं नाव, सगळं त्यांच्याकडे असतं. तुला आला तर उचलू नकोस. नीटमध्ये पात्र ठरल्याशिवाय मॅनेजमेंट कोट्यातही एमबीबीएस नाही, आणि पात्र ठरलेल्याला एजंट लागत नाही.

कागदपत्रांची फाइल मी लावली आहे. डोमिसाइल, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, दहावी-बारावीच्या मार्कशीट. बारावीनंतर वर्ष मधे गेल्याचं, गॅपचं प्रतिज्ञापत्र राहिलंय, त्यावर तुझी सही लागेल. मेडिकल फिटनेसचा दाखला पुस्तिकेतल्याच नमुन्यात हवा.

एकही नाही मिळालं तर पुन्हा बसायचं का, हे आत्ता ठरवू नकोस. परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाचीही वरची मर्यादा नाही, पण म्हणून बसलंच पाहिजे असंही नाही. बीएस्सी नर्सिंग, फिजिओ, बी.फार्म. ही नावं आपल्या घरात हळू आवाजात घेतली जातात, आणि ते मला, फार्मसीवाल्याला, खटकतं.

रविवारच्या सकाळच्या बसने ये, आजीकडून कांदे आणू नकोस, घरात पडलेत. आणि एक काम आजच कर. रजिस्ट्रेशन मामाच्या लॅपटॉपवर केलं होतंस, पासवर्ड त्याला पाठ आहे. तो बदल. ओटीपी माझ्या फोनवर येईल, आला की तुला कळवतो, फक्त तुला.

तुझे,
बाबा